गुन्ह्यातलं मन: फौजदारी वकिलीनं शिकवलेल्या नऊ गोष्टी

एखाद्याच्या हातून दुसऱ्याचा जीव गेला, एवढ्यानं तो खुनी ठरत नाही. त्या वेळी त्याच्या मनात काय होतं, यावरून तो खुनी, सदोष मनुष्यवधाचा गुन्हेगार, निष्काळजी की निर्दोष, हे ठरतं. मेलेला माणूस तोच असतो, जखमही तीच असते. जन्मठेप की सुटका, हे मात्र मनावरून ठरतं. १८६० च्या भारतीय दंड संहितेनं हे तत्त्व एखाद्या वेगळ्या कलमात सांगितलं नाही, बहुतेक गुन्ह्यांच्या व्याख्येतच गुंफलं. 'उद्देशाने', 'जाणीव असताना', 'अप्रामाणिकपणे', 'कपटाने', 'हयगयीने' या शब्दांवर आमच्या खटल्यांचे निकाल फिरतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, कलमांचे आकडे बदलले, खुनाच्या शिक्षेचं ३०२ आता १०३ झालं. पण मनाविषयीचे हे शब्द जागेवरच आहेत.

मी विदर्भातल्या एका जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करते. बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूनं उभी राहते, कधी विधी सेवा प्राधिकरणाकडून आलेल्या कैद्यासाठी, कधी फिर्यादीच्या कुटुंबासाठी. इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालं आहे. हात कुणाचा होता, हे शोधायला आपण जेवढे कष्ट घेतो, तेवढे मन काय होतं हे शोधायला घेत नाही. आणि शिक्षेचं माप तर त्या मनावरूनच ठरतं. या कामानं मला जे शिकवलं, ते पुढे मांडते आहे.

१. 'का केलं' आणि 'काय करायचं होतं' हे दोन वेगळे प्रश्न आहेत

आरोपीचे नातेवाईक ऑफिसात येतात तेव्हा बराच वेळ 'का' हेच सांगत असतात. धुऱ्याचा जुना वाद, बुडवलेले पैसे, लग्नात झालेला अपमान. मी सगळं ऐकून घेते. मग विचारते, "हात उचलला तेव्हा त्याला पुढे काय व्हायला हवं होतं?" इथे बहुतेक जण गप्प होतात, कारण हा प्रश्न त्यांना तोवर कुणी विचारलेलाच नसतो.

कायद्याला मुख्यतः दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हवं असतं. कुणी पाहिलेलं नसेल आणि खटला परिस्थितिजन्य पुराव्यावर उभा असेल, तर 'का' ही साखळीतली महत्त्वाची कडी होते. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार विश्वासार्ह असेल, तर कारण सापडलं नाही म्हणून आरोपी सुटत नाही. आणि कारण उदात्त असलं तरी गुन्हा पुसला जात नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं कडक अटींवर जीवरक्षक उपचार थांबवायची वाट मोकळी केली. पण दयेपोटी इंजेक्शन देऊन कुणाला मारणं हा तेव्हाही गुन्हा होता, आजही आहे. दयेमुळे शिक्षेत फरक पडू शकेल, उद्देशात पडत नाही. मारणाऱ्याला समोरच्याचा मृत्यू हवाच होता.

२. मन दिसत नाही, पण ते जखमेत आणि हत्यारात उमटलेलं असतं

पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही. कोर्टात आरोपी बहुधा एवढंच म्हणतो, की मला मारायचं नव्हतं. मग मन वाचायचं कशावरून? याचं सर्वांत स्पष्ट उत्तर १९५८ साली न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी दिलं. ते मूळचे नागपूरच्या बारचे, पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आणि नंतर सर्वोच्च न्यायालयात गेलेले. विरसा सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात भाल्याचा एकच घाव पोटात बसला होता, आतडी बाहेर आली होती, जखमी माणूस दुसऱ्या दिवशी गेला. बचाव असा होता, की घाव एकच आहे, ठार मारायचा उद्देश सिद्ध झालेला नाही.

बोस यांनी प्रश्नच नीट मांडून दिला. आधी जखम आहे का, ते पाहा. ती कशी आहे, कुठे आहे, किती खोल आहे, ते पाहा. मग विचारा, नेमकी हीच जखम करायची होती, की ती अपघातानं झाली, की मारायचं एकीकडे होतं आणि लागलं दुसरीकडे? हीच जखम करायची होती असं ठरलं, तर शेवटचा प्रश्न वैद्यकशास्त्राचा: अशी जखम निसर्गक्रमानं मृत्यू आणायला पुरेशी आहे का? ती पुरेशी आहे हे आरोपीला ठाऊक होतं का, हे सिद्ध करावं लागत नाही.

हा निवाडा वाचल्यापासून मी खुनाच्या दोषारोपपत्रात जबाबांच्या आधी शवविच्छेदनाचा अहवाल उघडते. आपल्याकडच्या फॉर्ममध्ये रकाना १७ मध्ये बाहेरच्या जखमा असतात, पुढच्या रकान्यांत डोकं, छाती, पोट उघडल्यावर काय दिसलं ते. तिथे खोली, दिशा, हाड मोडलं की नाही, सगळं लिहिलेलं असतं. घाव वरून खाली आहे की समोरून सरळ? मार चुकवताना हातावर जखमा झाल्या आहेत का? एकाच जागी पुन्हा पुन्हा वार आहेत का? या तपशिलातून जेवढं मन उलगडतं, तेवढं दहा साक्षीदारांच्या जबाबांतून उलगडत नाही.

३. उद्देश आणि जाणीव यांमधलं अंतर म्हणजे एका माणसाचं उरलेलं आयुष्य

कोर्टाच्या व्हरांड्यात 'तीनशे चार पार्ट टू' हे शब्द कायम कानावर पडतात. बाहेरच्या माणसाला तो नुसता आकडा वाटतो. आतल्या कैद्यासाठी त्या आकड्याचा अर्थ घरी परतण्याची आशा असा असतो.

ढोबळ मांडणी अशी. ठार मारायचा उद्देश असेल, किंवा निसर्गक्रमानं जीव जाईल अशीच जखम करायचा उद्देश असेल, तर तो खून. जीव जाण्याचा संभव आहे अशी इजा करायचा उद्देश असेल, किंवा कृत्य खुनाच्या व्याख्येत बसूनही कायद्यातल्या एखाद्या अपवादात मोडत असेल, तर सदोष मनुष्यवधाच्या कलमाचा, म्हणजे जुन्या ३०४ चा, पहिला भाग. मारायचा उद्देश नव्हता, पण यानं माणूस मरू शकतो ही जाणीव होती, तर दुसरा भाग, ज्यात तुरुंगवास जास्तीत जास्त दहा वर्षं. उद्देशही नाही, जाणीवही नाही, नुसता बेदरकारपणा किंवा हयगय असेल, तर जुनं ३०४-अ, म्हणजे आताचं १०६. त्यात पूर्वी दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती, आता साधारणपणे पाच वर्षांपर्यंत आहे.

गावातल्या मारामारीत हे अंतर फार लहान लहान गोष्टींवरून ठरतं. कुऱ्हाड घरून आणली होती, की बाचाबाची चालू असताना जागेवरचं दांडकं उचललं? समोरचा पडल्यावर मारणं थांबलं, की चालूच राहिलं? भांडण अचानक पेटलं, की वाट अडवून दबा धरला होता? 'घरून आणली' हे दोन शब्द जबाबात असले, तर त्यांवर उलटतपासाचा अख्खा दिवस खर्ची पडला तरी तो सार्थकी लागतो.

जाणीव म्हणजे काय, हे मुंबईच्या एका खटल्यानं देशाला समजावलं. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर दारू प्यालेल्या चालकाची भरधाव मोटार पदपथावर झोपलेल्या मजुरांवर गेली. सात जण मेले, आठ जखमी झाले. सत्र न्यायालयानं हे हयगयीचं प्रकरण मानून सहा महिन्यांची शिक्षा दिली. उच्च न्यायालयानं ते सदोष मनुष्यवधाच्या दुसऱ्या भागात आणून शिक्षा तीन वर्षांवर नेली आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं तीच कायम ठेवली. चालकाला कुणालाही मारायचं नव्हतं, हे सगळ्यांना मान्य होतं. पण पिऊन, त्या वेगानं मोटार हाकली तर जीव जाऊ शकतो, हे त्याला कळत होतं. ती जाणीव असूनही तो थांबला नाही, म्हणून त्याचा गुन्हा हयगयीपेक्षा मोठा ठरला.

४. रागाचा वेळ कोर्ट घड्याळ लावून मोजतं

'डोक्यात राग गेला होता' हा बचाव प्रत्येकाच्या तोंडी असतो. कायदा तो ऐकतोही. गंभीर आणि आकस्मिक चिथावणीनं तोल जाऊन कुणी मारलं, तर तो खून राहत नाही. पण त्यात 'आकस्मिक' या शब्दाला फार वजन आहे.

नानावटी खटल्याची आठवण महाराष्ट्रात अजून ताजी आहे. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातले अधिकारी कावस नानावटी यांना पत्नीनं आपले प्रेम आहुजा नावाच्या माणसाशी संबंध असल्याचं सांगितलं. त्यानंतर त्यांनी पत्नी आणि मुलांना सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि काडतुसं घेतली, आहुजाच्या कार्यालयात चौकशी केली आणि मग त्याच्या घरी जाऊन त्याच्यावर गोळी झाडली. जूरीनं आठ विरुद्ध एक मतानं त्यांना निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. तिथे खून सिद्ध होऊन जन्मठेप झाली आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. कारण साधं होतं. कबुली ऐकल्यापासून गोळी झाडेपर्यंत सुमारे तीन तास गेले होते आणि त्या तीन तासांतलं प्रत्येक पाऊल विचार करून टाकलेलं होतं.

म्हणून मी आधी रागाचं कारण विचारत नाही, वेळापत्रक काढते. ऐकलं केव्हा, उठला केव्हा, मध्ये कुठे गेला, कुणाशी बोलला, काय उचललं. त्या मधल्या वेळेत माणूस काय करत होता, यावरून त्याचा राग अजून उकळत होता की त्याचा बेत झाला होता, ते समजतं.

५. "माह्या मनात माणूस नव्हताच, वकीलबाई, डुकरं होती"

विदर्भात काम करताना ज्या प्रकरणांनी मला सर्वांत जास्त विचार करायला लावला, ती शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेची. रानडुकरं एका रात्रीत उभं पीक झोपवतात. शेतकरी तारा ओढतो, थेट लाइनवरून करंट सोडतो. पहाटे तिथून पाणी द्यायला जाणारा शेजारी, सरपण गोळा करणारी बाई किंवा शेळ्यांमागचा पोरगा त्या तारेला चिकटतो. मग पोलीस येतात आणि प्रश्न पडतो, की कलम कोणतं लावायचं, हयगयीचं की सदोष मनुष्यवधाचं?

वर लिहिलेलं वाक्य मी वेगवेगळ्या तोंडून ऐकलं आहे आणि ते बहुतेक वेळा खरं असतं. पण ते पुरेसं नसतं. सर्वोच्च न्यायालयानं १९६३ साली बिहारच्या एका खटल्यात हे स्पष्ट केलं. शेजाऱ्यांनी आपलं शौचकूप वापरू नये म्हणून एकानं वाटेवर उघडी, वीज सोडलेली तार लावली. शेजारची बाई मेली. ती परवानगीशिवाय आत आली होती, असा बचाव झाला. न्यायालयानं म्हटलं, की आगंतुक असली तरी तिच्यासाठी मरणाचा सापळा लावायचा हक्क जागेच्या मालकाला मिळत नाही. त्याला हयगयीनं मृत्यू घडवल्याबद्दल शिक्षा झाली.

अशा प्रकरणात मन कळण्यासाठी मी ठरावीक गोष्टी विचारते. शेतातून किंवा बांधालगत पायवाट जाते का? करंट सोडणार असल्याचं आजूबाजूच्यांना सांगितलं होतं का? करंट फक्त रात्री होता की दिवसाही चालू राहिला? याआधी एखादी शेळी, एखादं वासरू तिथे मेलं होतं का? तार कुणाला दिसावी म्हणून काही बांधलं होतं का? आणि सर्वांत महत्त्वाचं, माणूस मेल्याचं दिसल्यावर शेतकऱ्यानं आरडाओरडा करून लोक बोलावले, की तारा गुंडाळून मृतदेह दुसऱ्याच्या शेतात नेऊन टाकला? ज्याला वाट ठाऊक होती, ज्याच्या तारेनं आधी जनावर मेलं होतं आणि तरी ज्यानं करंट बंद केला नाही, त्याला 'मला कल्पना नव्हती' असं म्हणता येत नाही. ज्यानं सगळ्यांना सांगितलं, रात्रीपुरताच करंट सोडला, त्याच्या बाजूनं बोलायला काही उरतं. 'अपघात' म्हणून पूर्ण सुटका मात्र अवघड असते. कारण तो बचाव कायदेशीर काम, कायदेशीर रीतीनं आणि पुरेशी काळजी घेऊन करणाऱ्यालाच मिळतो, आणि कुंपणात थेट वीज सोडणं ही कायदेशीर रीत नाहीच.

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला मी कळकळीनं सांगते, "दादा, सौर कुंपण लावा." त्यातून क्षणभराचे झटके बसतात, जनावर मागे फिरतं, जीव जात नाही. थेट लाइनची तार जनावर आणि माणूस ओळखत नाही, हे आता प्रत्येक गावाला माहीत झालं आहे. आणि माहीत झाल्यावर 'मला ठाऊक नव्हतं' हा बचाव वर्षागणिक लंगडा होत जाणार आहे.

६. दारूनं जाणीव पुसली जात नाही, निदान कायद्याच्या नजरेत

पिऊन केलेल्या मारहाणीच्या प्रकरणात घरची माणसं म्हणतात, "त्याले शुद्धच नव्हती." स्वतःच्या मर्जीनं प्यालेल्याबद्दल जुनं कलम ८६, आताचं २४, सांगतं, की न पिता जेवढी जाणीव असती, तेवढी त्याला होतीच असं धरलं जाईल. उद्देश मात्र परिस्थितीवरून तपासला जातो.

१९५६ चा बासदेव खटला मी याच्यासाठी वाचायला सांगते. पेप्सू राज्यातला निवृत्त लष्करी जमादार, लग्नघर, भरपूर दारू. बसायची जागा सोड म्हणून त्यानं एका कोवळ्या मुलाला सांगितलं, मुलगा हलला नाही, त्यानं पिस्तूल काढून पोटात गोळी घातली. तो झोकांड्या खात होता खरा, पण चालत होता, नीट बोलत होता, गोळीनंतर पळू पाहत होता. खुनाची शिक्षा कायम राहिली. प्याल्यामुळे संयम सुटणं वेगळं आणि आपण काय करतो हे न कळणं वेगळं. पहिल्याला कायदा सवलत देत नाही आणि ते योग्यच आहे. दारुड्या नवऱ्याच्या हातून मेलेल्या बायकांचे शवविच्छेदन अहवाल वाचल्यावर माझ्या मनात याविषयी शंका उरलेली नाही.

७. चुकलेली समजूत आणि आजारी मन यांना शिक्षा करून काही साधत नाही

ओडिशात १९५८ साली एका ओस पडलेल्या विमानतळाच्या आवारात भुतं फिरतात असा बोलबाला होता. एका रात्री तिथे हलणारे उजेड पाहून एक नेपाळी नोकर कुकरी घेऊन धावला आणि समोरच्या आकृत्यांवर वार केले. त्या कंदील घेऊन मोहाची फुलं वेचणाऱ्या आदिवासी बाया होत्या. एक मेली. ओरिसा उच्च न्यायालयानं त्याला निर्दोष ठरवलं, कारण आपण माणसावर वार करतो आहोत हे त्याच्या मनातच नव्हतं आणि त्या परिस्थितीत त्याची समजूत प्रामाणिक होती.

मनोरुग्णाचा प्रश्न यापेक्षा खोल आहे. १८४३ साली लंडनमध्ये डॅनियल मॅकनॉटनच्या खटल्यातून जी कसोटी आली, तीच आपल्या जुन्या कलम ८४ मध्ये, म्हणजे आताच्या २२ मध्ये उतरली आहे. कृत्याचं स्वरूप कळत नव्हतं, किंवा ते चुकीचं अथवा बेकायदा आहे हे कळत नव्हतं, तर गुन्हा नाही. नुसता आजार असणं पुरेसं नाही, त्या क्षणी त्या आजारानं समज हिरावलेली असावी लागते. २००२ साली सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्या एका पोलीस शिपायाला या कलमाखाली निर्दोष ठरवलं. त्यानं बायकोला दगडी वरवंट्यानं मारलं होतं. त्याला आधीपासून स्किझोफ्रेनिया होता, त्यावर उपचार चालू होते आणि घटनेनंतर त्यानं पळायचा किंवा लपायचा प्रयत्नही केला नव्हता. त्याआधी १९६४ च्या डाह्याभाई ठक्कर खटल्यात न्यायालयानं एक मोलाची गोष्ट सांगितली होती. आरोपीला वेड पूर्ण सिद्ध करता आलं नाही, तरी त्याच्या पुराव्यानं उद्देशाबद्दलच वाजवी शंका निर्माण झाली, तर तो सुटायला हवा. कारण उद्देश सिद्ध करायचा भार सरकार पक्षावरच असतो.

इथे आमची खरी अडचण कागदांची असते. गावात अशा माणसाला दवाखान्याआधी देवर्षीकडे नेतात, आणि देवर्षी चिठ्ठी लिहून देत नाही. म्हणून अशा घरातल्या बायांना मी विचारते, "माय, त्याला झोप कधीपासून नव्हती? तो कुणाशी बोलायचा? कशाला घाबरायचा?" शेजारी, शाळामास्तर, आशाताई, सगळ्यांकडून त्याच्या आजाराचा इतिहास गोळा करावा लागतो. ज्यांच्या घरात मानसिक आजार आहे त्यांनी डॉक्टरची प्रत्येक चिठ्ठी जपून ठेवावी. ती आधी उपचारासाठी लागते, आणि कधी वेळ आलीच तर न्यायासाठी.

८. काही कायदे मनाकडे पाहायचं नाकारतात, तिथे जास्त जागं राहावं लागतं

नोव्हेंबर १९६२ मध्ये झुरिकहून मनिलाला निघालेलं विमान मुंबईत उतरलं. त्यातल्या मायर हान्स जॉर्ज या जर्मन प्रवाशाच्या जाकिटात ३४ किलो सोनं निघालं. त्याला मुंबईत उतरायचंच नव्हतं. असं सोनं विमानाच्या माल-यादीत दाखवलंच पाहिजे, हा नियम भारतात त्याच महिन्यात छापून आला होता. तो त्याला ठाऊक नव्हता. उच्च न्यायालयानं त्याला सोडलं, सर्वोच्च न्यायालयानं दोन विरुद्ध एक मतानं दोषी ठरवलं. परकीय चलनाचा कायदा देशाच्या अर्थव्यवस्थेसाठी आहे, त्यात दोषी मन सिद्ध करायची गरज नाही, असं बहुमताचं म्हणणं होतं. शिक्षा मात्र भोगून झाली तेवढ्यावरच आणली.

वेगळं मत न्यायमूर्ती सुब्बा राव यांचं होतं. या निकालाच्या पुढच्याच वर्षी त्यांनी मध्य प्रदेशातल्या नथुलाल या धान्य व्यापाऱ्याचा निवाडा लिहिला. नथुलालनं परवान्यासाठी अर्ज केला होता, फी भरली होती, परवाना मिळेल या समजुतीनं तो गहू ठेवून होता. त्याला निर्दोष ठरवताना न्यायालयानं सांगितलं, की कायद्यानं स्पष्ट शब्दांत किंवा अपरिहार्यपणे मन वगळलेलं नसेल, तर ते गुन्ह्याचा भाग आहे असंच धरायचं.

आजच्या कामात हा प्रश्न अमली पदार्थांच्या प्रकरणांत येतो. १९८५ च्या कायद्याचं कलम ३५ दोषी मन गृहीत धरतं आणि ते नव्हतं हे आरोपीनं वाजवी शंकेपलीकडे सिद्ध करायचं असतं. ट्रॅव्हल्सच्या डिकीतल्या कुणाच्या तरी बॅगेत गांजा सापडतो आणि शेजारच्या सीटवरचा मजूर आत जातो. इथे लढाई एकाच प्रश्नाची असते. ती वस्तू आपल्याकडे आहे हे त्याला माहीत होतं का? शस्त्र कायद्यातही 'बाळगणं' म्हणजे जाणीवपूर्वक बाळगणं. बॅगेच्या कप्प्यात चुकून राहिलेलं एखादं काडतूस विमानतळावर सापडलं, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयानं याच कारणानं गुन्हे रद्द केले आहेत. माझ्याकडे येणाऱ्या तरुणांना मी एवढंच सांगते, "बाळा, ओळखीच्याची असली तरी आत काय आहे ते न पाहता बॅग हातात घ्यायची नाही."

९. एकाचं मन दुसऱ्याच्या माथी मारता येत नाही

आपल्याकडच्या एफआयआरमध्ये अख्खं घर आरोपी होतं. मारणारा एक, पण भाऊ, बाप, चुलता, दोन बायका सगळ्यांवर 'समान उद्देश' लावला जातो. जुनं कलम ३४, आता कलम ३ चं पाचवं पोटकलम. १९५४ साली हैदराबाद राज्यातल्या पांडुरंग खटल्यात न्यायमूर्ती बोस यांनीच बजावलं, की अनेकांच्या मनात एकसारखाच उद्देश असला तरी तेवढ्यानं तो समान उद्देश होत नाही. त्यांची मनं आधी एकत्र यायला हवीत. ती अगदी ऐनवेळी एकत्र येऊ शकतात, पण त्याचा पुरावा लागतो. दारात उभी राहून किंचाळणारी आई मुलाच्या कुऱ्हाडीत सामील होती, असं नुसतं मानून चालत नाही.

शब्दांचंही तसंच आहे. आत्महत्येच्या चिठ्ठीत नाव आलं, की प्रवृत्त केल्याचा गुन्हा दाखल होतो. २००२ साली मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात मेहुणा भांडणात 'जा, मर' म्हणाला होता आणि दोन दिवसांनी बहिणीच्या नवऱ्यानं जीव दिला. सर्वोच्च न्यायालयानं खटला रद्द केला. भांडणाच्या भरात निघालेल्या त्या शब्दांमागे कुणाला मरायला लावायचं मन नव्हतं. कुणाला रोज छळून, कोंडून, मरणाशिवाय वाट न ठेवणाऱ्याची गोष्ट निराळी. तिथे मन महिनोन्महिने आपल्या खुणा सोडत असतं, आणि त्या गोळा केल्या तर शिक्षाही टिकते.

म्हणून तिन्ही बाजूंना माझं आग्रहाचं सांगणं आहे. फिर्याद देणाऱ्या कुटुंबांनो, न मारणाऱ्यांची नावं घालू नका. एक खोटं नाव खऱ्या आरोपीविरुद्धचा पुरावाही कमजोर करतं. तपास करणाऱ्यांनो, हत्यार जप्त करताना ते आलं कुठून, जखमीला दवाखान्यात कुणी नेलं, ११२ वर फोन कुणी केला, मारताना काय शब्द उच्चारले, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्या. महिन्यानंतर ते मिळत नाही. आणि माझ्या तरुण सहकाऱ्यांनो, अशिलाला 'तू होतास की नव्हतास' एवढंच विचारून थांबू नका. सुडाला फक्त हात सापडला की पुरतं. शिक्षा द्यायचा अधिकार आपण न्यायालयाला दिला, तो मनापर्यंत पोचायची तसदी ते घेईल या भरवशावर. तो भरवसा पुरा होतो की नाही, हे बऱ्याच वेळा आपण विचारलेल्या किंवा विचारायच्या राहून गेलेल्या एका प्रश्नावर अवलंबून असतं.